साडेतीन फुटांची बाल्कनी

नमस्कार मंडळी. आत्ता ओळख करून देताना 'ज्येष्ठ वास्तुतज्ज्ञ' वगैरे म्हणाले, ते आधी दुरुस्त करून टाकतो, मी ड्राफ्ट्समन आहे. आर्किटेक्ट ज्या कागदावर सही करतात तो कागद मी काढतो. १९९१ पासून हेच करतोय, आधी टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपरवर, चूक झाली की दाढीच्या ब्लेडने शाई खरवडायची, आणि मग कॉम्प्युटरवर, ऑटोकॅडमध्ये, तिथे चूक झाली की कंट्रोल झेड. त्यामुळे मला बोलायची सवय नाही, मापं घ्यायची आहे. ठाण्यात नौपाडा, चरई, पाचपाखाडी, विष्णुनगर या भागातल्या किती घरांत टेप घेऊन शिरलोय याचा हिशोब नाही, रिडेव्हलपमेंटच्या आधी प्रत्येक फ्लॅटचा एरिया मोजायला लागतो ना, ते काम. लोक चहा देतात, आणि चहाबरोबर घराची सगळी हिस्टरी. ही भिंत पाडली तेव्हा मुलगा बारावीला होता, ही फरशी बसवली तेव्हा सासऱ्यांचं ऑपरेशन झालं होतं, असं. मी मान हलवत आकडे लिहून घ्यायचो.

तर वाचनालयवाल्यांनी विषय दिला 'लहानपणीचं घर', आणि मी हो म्हटलं, कारण २०२२ मध्ये दिवाळीनंतर आमची स्वतःची बिल्डिंग खाली झाली आणि त्याआधी मी आमचंच घर मोजलं. मोजताना मला जे दिसलं तेवढंच सांगणार आहे.

ठाण्यात भाषण करायचं तर १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर ते ठाणे गाडी आणि ते चौतीस किलोमीटर सांगायलाच लागतात असा एक नियम दिसतो, सांगून टाकले. पण खरंच आहे ते, आमच्यासारखी घरं त्या गाडीमुळेच झाली. गिरगाव-दादरच्या चाळीत भावाभावांत जागा पुरेना की धाकटा भाऊ बायकापोरांना घेऊन सेंट्रलच्या गाडीत बसायचा आणि जिथे परवडेल तिथे उतरायचा. बाबा ठाण्यात उतरले. वागळे इस्टेटमध्ये नोकरी लागली होती, एमआयडीसीची ती पहिली वसाहत, साठच्या दशकातली, तोपर्यंत बरीच भरली होती. आधी चरईत भाड्याने आणि मग १९७४ मध्ये नौपाड्यात ओनरशिपचा फ्लॅट. 'ओनरशिप' हा शब्द तेव्हा लोक हळू आवाजात आणि जरा छाती फुगवून म्हणायचे. १९६३ चा तो मोफा कायदा आला, फ्लॅट विकत घेणाऱ्याला कागदावर काहीतरी हक्क मिळाले, आणि बैठ्या बंगल्यांचे प्लॉट एकेक करून तळमजला अधिक तीन असे व्हायला लागले. आमचाही तसाच, आधी तिथे कौलारू बंगला होता, त्याची विहीर आणि एक जांभूळ एवढं राहिलं होतं.

आता प्लॅन सांगतो, डोळ्यासमोर आणा. दार उघडलं की हॉल, दहा बाय बारा. त्याच्या मागे किचन, दहा बाय आठ. मध्ये छोटा पॅसेज, त्यात संडास आणि बाथरूम वेगवेगळे, वर पोटमाळा. आणि किचनच्या पलीकडे, मागच्या बाजूला, बाल्कनी. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद. त्या काळी ठरावीक मर्यादेपर्यंत बाल्कनी एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या हिशोबात, धरत नसत, म्हणून बिल्डर लोक ती सढळ हाताने द्यायचे. सगळं मिळून तीनशेच्या आसपास स्क्वेअर फूट आणि माणसं पाच, आई, बाबा, आजी, ताई आणि मी. मला कधी लहान वाटलं नाही ते घर, कारण समोरच्यांकडे सात होते.

त्या साडेतीन फुटांबद्दल जरा सावकाश सांगतो. आई पाच फूटसुद्धा नाहीये उंचीला. दुपारी दोनला आजी झोपली की ती बाल्कनीच्या उंबऱ्याला पाठ लावून बसायची आणि पाय पसरले की तळवे बरोब्बर समोरच्या कठड्याला टेकायचे, जसं काही माप घेऊनच केलंय. मांडीवर सूप. तांदूळ निवडायची, नाहीतर शेंगा सोलायची, नाहीतर काहीच नाही. खाली विहिरीवर कुणीतरी कपडे आपटत असायचं, जांभळाच्या दिवसात कठड्यावर जांभळे डाग पडायचे ते ती पायाच्या अंगठ्याने घासून बघायची निघतात का. चार वाजता पाणी यायचं, की उठायची. म्हणजे रोजचे दोन तास. मी शाळेतून आलो की मला तिचे पाय दिसायचे आधी, कठड्याच्या जाळीतून, खालून. पाय दिसले म्हणजे आई घरी आहे आणि वर जाऊन काहीतरी खायला मागता येईल, इतका माझा त्या पायांशी संबंध.

आता घर बदललं ते कसं.

मी दहावीला आलो. १९८४. त्या काळी दहावी म्हणजे काय होतं हे आत्ताच्या पोरांना कळणार नाही, घरात सगळे कुजबुजत बोलायचे. हॉलमध्ये आजीची कॉट आणि संध्याकाळपासून दूरदर्शन, मी बसू कुठे? मग बाल्कनी बंद करायची ठरली. कुणी ठरवलं? आईनेच. बाबा म्हणत होते राहू दे, खर्च आहे. सिमेंट तेव्हा नुकतं अर्धवट खुलं झालेलं, परमिटच्या रांगेतून सुटलं पण खुल्या बाजारातला भाव ऐकून बाबा गप्प व्हायचे, म्हणून विटांचं काम नकोच म्हणाले. शेवटी सुताराने सागाची चौकट केली, वर काचा, खाली प्लायवूड, आणि आत एक टेबल मारून दिलं भिंतीला. मला स्वतःची खोली मिळाली हो, साडेतीन फूट रुंद का असेना! मी दोस्तांना बोलावून दाखवली. आई दुपारी किचनच्या मोरीशेजारी बसायला लागली, मोरीच्या कट्ट्याला पाठ लावून. आणि मला वाटतं हे मला तेव्हा दिसलंसुद्धा नाही. म्हणजे खालून पाय दिसायचे बंद झाले एवढं दिसलं असणार, पण काचेत आता माझं टेबल दिसायचं ना, त्याचंच कौतुक.

मार्क चौसष्ट टक्के पडले, विचारू नका.

मग फ्रीज आला, एकशे पासष्ट लिटरचा, लाल. तो हॉलमध्ये ठेवायची फॅशन होती तेव्हा, येणाऱ्याला दिसला पाहिजे, पण हॉलमध्ये आजी होती, मग तो किचनमध्ये गेला, स्टीलच्या मांडणीच्या जागी, आणि मांडणी सरकून मोरीच्या बाजूला, म्हणजे आईची पाठ टेकायची ती जागा गेली. १९८७ ला ताईचं लग्न झालं, आता जागा होईल असं वाटलं पण घरात एक गंमत असते, माणूस जातं आणि त्याच्या जागी कपाट येतं. आमच्याकडे गोदरेजचं आलं.

१९९३ ला मोरी तोडली. माझी नोकरी लागली होती आणि मला पहिली मोठी खरेदी करायची होती, सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन. आईला आराम, हे मी सगळ्यांना सांगायचो. मोरी म्हणजे काय हे इथे सांगायला नको, पण ज्यांची मुलं हे ऐकतायत त्यांच्यासाठी सांगतो, किचनच्या कोपऱ्यात दोन-अडीच फुटाचा उंच कट्टा घातलेला चौक, आत नळ, खाली शहाबादी, तिथे बसून भांडी घासायची, भाज्या धुवायच्या, लहान पोराला पाटावर बसवून आंघोळ घालायची, भात वेळायचा, आणि आजीला रात्री बाथरूमपर्यंत जाववेना तेव्हा हात-तोंड धुवायलाही तीच. एका जागेत पाच कामं. तिथे मशीन आलं, ते एकच काम करायचं. भांडी घासायला ओट्यावर सिंक बसवलं, ओटा सहा फुटांचा होता तो त्यामुळे साडेचार उरला. पोळी लाटायला जागा कमी पडते म्हणून आई पोळपाट खाली घेऊन बसायची, गॅस वर, पोळी खाली, उठबस उठबस. आराम!

आणि मग १९९६, माझं लग्न. इथे तुमच्यापैकी निम्म्या लोकांना पुढचं माहीत आहे कारण तुमच्याही घरी तेच झालं असणार. वन रूम किचनमध्ये नवीन जोडपं आलं की ठाण्या-डोंबिवलीत एकच उपाय असतो, किचनचं बेडरूम करायचं आणि किचन बाल्कनीत काढायचं. मी स्वतः ड्राफ्ट्समन, मीच ड्रॉइंग काढलं, आणि छान काढलं बरं का, ते ड्रॉइंग अजून आहे माझ्याकडे. सागाची चौकट काढून विटांची अर्धी भिंत, वर अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग, बाहेर डबा ग्रील, ग्रीलमध्ये कुंड्या. कडप्प्याचा ओटा बाल्कनीच्या लांबीभर, वर टाइल्स. ओट्याची रुंदी दोन फूट, म्हणजे उभं राहायला उरला दीड फूट. आई बाल्कनीत परत आली, बारा वर्षांनी. पण आता उभी.

यातली एक टेक्निकल गोष्ट सांगू द्या, कारण तिचा पुढे संबंध आहे. बाल्कनी म्हणजे कॅन्टिलिव्हर. एका बाजूने धरलेला, दुसरी बाजू अधांतरी. नेहमीच्या स्लॅबमध्ये मधल्या भागात मेन सळया खालच्या बाजूला असतात, पण कॅन्टिलिव्हरमध्ये त्या वर असतात, कारण ताण वरच्या बाजूला येतो. म्हणजे तुम्ही जिथे पाय ठेवता त्याच्या लगेच खाली सगळी ताकद. त्याच्यावर मी विटांची भिंत, कडप्पा, भरलेले डबे, सिलिंडर ठेवला आणि वर पाण्याचा नळ नेला. ओट्याखालून पाणी झिरपणारच, कुणाच्याही घरी झिरपतं, आणि ते वरून झिरपतं म्हणजे थेट त्या सळयांवर. लोखंड गंजलं की फुगतं, गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, आणि काँक्रीट आतून फुटतं. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. दुसऱ्यांना मी हेच सांगायचो, असं करू नका म्हणून. पण लग्नाची तारीख ठरली होती, हॉलचे पैसे भरले होते, आणि सगळ्या बिल्डिंगने केलं होतं, तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत, मजल्याला दोन अशा आठ बाल्कन्यांत आठ किचन.

२००४ ला आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीला टू बीएचके घेतला आणि गेलो. तेव्हा तिथे रात्री नऊनंतर रिक्षावाला यायला तयार नसायचा. आजी आधीच गेली होती. म्हणजे नौपाड्याच्या घरात आता फक्त आई आणि बाबा, तीनशे स्क्वेअर फुटांत दोघं जण, आयुष्यात पहिल्यांदा ऐसपैस. मला वाटलं आता किचन परत आत घेतील. नाही घेतलं. बेडरूम बेडरूमच राहिलं, त्यात आमचा डबल बेड, 'तुम्ही राहायला आलात तर' म्हणून. आम्ही वर्षातून तीन रात्री राहायचो. बाकीचे तीनशे बासष्ट दिवस त्या बेडवर वाळलेले कपडे.

२००९ ला बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आला. मग संडास-बाथरूममधली भिंत पाडली, कमोड बसवला, स्टीलचे दांडे लावले, आणि व्हीलचेअर वळायला हवी म्हणून पॅसेजमधलं फडताळ काढलं, त्यात आईच्या लोणच्याच्या बरण्या, पापडाचे डबे, तिचं शिवणाचं सामान असायचं. ते सगळं पोटमाळ्यावर गेलं. पोटमाळ्यावर ती स्वतः चढू शकत नव्हती. बाबा २०१३ मध्ये गेले.

त्यानंतर ती एकटी. आणि तिने त्या घरात स्वतःसाठी म्हणून एकच बदल केला, आम्हाला न विचारता. एका फॅब्रिकेशनवाल्याला बोलावून डबा ग्रीलच्या दोन सळया कापून घेतल्या, हात बाहेर जाईल एवढ्याच. का, तर जांभळाची फांदी ग्रीलला लागत होती आणि तिला ती धरता येत नव्हती. मी चिडलो, म्हटलं अगं चोर शिरेल, ती म्हणाली एवढ्यातून कोण शिरतंय, मांजर येतंय फार तर. मांजर यायचंच. तिने त्याला दूध लावलेलं होतं हे मला नंतर कळलं.

विहीर त्याच्या आधीच बुजवली होती, पार्किंगसाठी. चार गाड्या बसल्या. आणि उन्हाळ्यात पाण्याचे टँकर मागवायचो ते उभे करायला जागा नसायची, कारण विहिरीवर गाड्या!

२०१७ ला स्ट्रक्चरल ऑडिट केलं, तीस वर्षांच्या वरच्या बिल्डिंगला ते करावंच लागतं. रिपोर्टमध्ये बिल्डिंग सी-टू-बी आली, म्हणजे खाली न करता दुरुस्ती. सी-वन म्हणजे धोकादायक, ताबडतोब खाली करून पाडायची, तेवढं नव्हतं. पण सगळ्यात वाईट अवस्था कशाची असेल? मागच्या बाल्कन्यांची. मी रिपोर्टातले फोटो बघत होतो आणि एका फोटोत आमची बाल्कनी खालून घेतलेली, प्लास्टर पडलेलं, सळया लाल होऊन बाहेर आलेल्या, आणि त्याच्यावर, फोटोत दिसत नव्हतं पण मला माहीत होतं, आई रोज दीड फुटात उभी राहून पोळ्या करत होती. पुढच्या आठवड्यात खालून लोखंडी टेकू लावले. ते टेकू पाच वर्षं तसेच.

दुरुस्तीचं कोटेशन आलं, लोकांनी डोळे पांढरे केले, आणि गाडी रिडेव्हलपमेंटवर गेली. तो सगळा भाग मी पटकन उरकतो, तुम्ही सगळे त्यातून गेलाय नाहीतर जाताय. सहकारी संस्था कायद्याचं कलम ७९-अ, त्यात रिडेव्हलपमेंटला पूर्वी पंचाहत्तर टक्के मेंबरांची संमती लागायची, जुलै २०१९ च्या जीआरने ती एक्कावन्न टक्के झाली, आणि त्या दिवसापासून प्रत्येक सोसायटीत 'आमच्याकडे एक्कावन्न झाले' हे वाक्य ऐकू यायला लागलं. स्पेशल जनरल बॉडी, पीएमसी म्हणजे सोसायटीचा प्रकल्प सल्लागार, टेंडर, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम किती, भाडं किती, किती टक्के जास्तीचा कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतला वापरायचा एरिया. दोन वर्षं लोक दुसरं काही बोलत नव्हते. एक गृहस्थ पंचवीस वर्षं मिटिंगला आले नव्हते ते यायला लागले आणि शेवटपर्यंत फक्त पार्किंगवर बोलले.

तर खाली करायच्या आधी सगळ्यांचे एरिया मोजायचे होते. आमच्या फ्लॅटला मी गेलो, रविवारी सकाळी, लेझर मीटर घेऊन. आई ओट्याशी. मी हॉल मोजला आणि आकडा जुळेना. पास झालेल्या प्लॅनमध्ये दहा फूट, आणि मीटर दाखवतंय नऊ फूट साडेसात. परत मोजलं, टेपने मोजलं, तेच. साडेचार इंच गेले कुठे? मग भिंतीच्या कडेला बघितलं. १९७४ चं प्लास्टर, त्यावर कधीतरी ओल आली म्हणून वॉटरप्रूफिंगचं प्लास्टर, त्यावर पीओपी, एका बाजूला प्लायचं पॅनेलिंग, माझ्या लग्नातलं. किचनमध्ये टाइलवर टाइल, जुनी काढायचा खर्च नको म्हणून वरूनच नवीन चिकटवलेली, दोन थर. फरशीचंही तेच, शहाबादीवर मोझॅक, मोझॅकवर व्हिट्रिफाइड. दर वेळी फरशी वर आली की बाथरूमचं दार खाली घासायला लागायचं, मग सुतार येऊन दार तासून द्यायचा. ते दार मी उतरवून मोजलं, दोन इंचांनी कमी भरलं. दोनदा तासलेलं. कडी तेवढी पूर्वीच्याच जागी, ती आता जमिनीच्या जास्तच जवळ वाटत होती. बाहेरून बिल्डिंग तेवढीच्या तेवढी, आणि आत आम्ही दर दहा वर्षांनी घर थोडं थोडं नवीन करत होतो म्हणजे थोडं थोडं लहान करत होतो.

रात्री मी घरी येऊन ऑटोकॅड उघडलं. १९७४ चा पास प्लॅन, त्यावर १९८४, ९३, ९६, २००९ असे थर काढले, प्रत्येकाला वेगळा रंग, लेयर ऑन-ऑफ करून बघायचं. आमच्या धंद्यात हे नेहमीचं आहे. आणि सहज, दुसरा काही उद्देश नव्हता, प्रत्येक लेयरमध्ये आई दुपारी कुठे बसायची तिथे एक छोटा गोल काढला. ७४ ला गोल बाल्कनीत. ८४ ला मोरीशेजारी. फ्रीज आल्यावर तो सरकला ओट्याखाली. ९३ ला खाली, सिलिंडर आणि मशीनच्या मधल्या फटीत. ९६ च्या लेयरमध्ये गोल काढायला जागाच सापडेना. हॉलमध्ये बाबांची आणि आजीची कॉट, बेडरूम आमचं, बाल्कनीत दीड फूट. शेवटी आठवलं, ती दुपारी बाहेर जिन्यात बसायची, वरच्या पायरीवर, शेजारच्या काकूंबरोबर. म्हणजे गोल प्लॅनच्या बाहेर गेला. मी माउस हातात धरून बसलो होतो बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी ताईला फोन केला, मला वाटलं मी काहीतरी मोठा शोध लावलाय. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तुला तीस वर्षं मापं घेऊन हे आत्ता कळलं होय? मला सातवीत कळलं होतं. पाहुणे आले की मी पण तिथेच झोपायचे ना, ओट्याखाली डोकं घालून. तू कुठे झोपायचास आठवतंय का?" मी हॉलमध्ये झोपायचो, पंख्याखाली. आठवत होतं.

आणि तुम्ही म्हणाल की तिनेच सुचवलं होतं ना सगळं. हो, तिनेच. दर वेळी, "माझं काय, मी कुठेही बसेन." माझी तक्रार बाबांबद्दल नाही, ते बिचारे बाल्कनी बंद करायला नकोच म्हणत होते. पण ती 'कुठेही बसेन' म्हणाली की आम्ही तिघंही लगेच पुढच्या विषयावर जायचो, सुताराचा रेट काय, प्लाय कुठला, हे मला आता आठवतं आणि ते आवडत नाही.

एक अवांतर. बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज आहे, चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात केलेलं, आम्हा ड्रॉइंगवाल्यांना तिथे जाऊन यावं लागतं, काशी केल्यासारखं. त्यांची कल्पना अशी की घर वाढणारच आहे हे धरूनच ते बांधायचं. छोटे प्लॉट, शेजाऱ्याची भिंत आपल्याला चिकटलेली नाही, म्हणजे तुम्ही खोली वाढवली तरी त्याला त्रास नाही, आणि साधारण सात घरांत मिळून एक अंगण. मी गेलो तेव्हा मूळ घरं थोडीच उरली होती, बाकीच्यांचे दोन-तीन मजली बंगले झालेत, ग्रॅनाइट, काचा, सगळं. लोक नावं ठेवतात, मी नाही ठेवणार, वाढायलाच दिली होती ती घरं. मी बघत होतो ती अंगणं. काही ठिकाणी गाड्या होत्या, पण एका अंगणात भर दुपारी तीन बायका पायरीवर बसल्या होत्या, आणि सूप होतं. बाकी प्रवासाचं मला काही आठवत नाही.

परत नौपाड्यात. नवीन बिल्डिंगचा पहिला प्लॅन आला तेव्हा टू बीएचके छान होता, दोन टॉयलेट, मॉड्युलर किचन, सगळं. बाल्कनी नाही. याला कारण आहे, डिसेंबर २०२० ला बांधकामाची नवीन नियमावली आली, यूडीसीपीआर, त्यात पी-लाइन आली, म्हणजे बाल्कनीसकट सगळं एफएसआयमध्ये मोजायचं. पूर्वी जी फुकट मिळायची ती आता विकत. मग बिल्डरही म्हणतो आणि मेंबरही म्हणतात, बाल्कनी कशाला, तेवढा हॉल मोठा करा. आणि रेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारा कायदा, त्याचा कार्पेट मोजताना बाल्कनी धरत नाहीत, त्यामुळे हॉलमध्ये घेतली की कागदावर कार्पेट वाढलेला दिसतो. लोक खूश.

मी घरी आईला प्लॅन दाखवला, पेन्सिलने, हा हॉल, हे किचन, ही तुझी खोली. तिने चष्मा लावून नीट बघितलं आणि विचारलं, "बाहेर कुठून यायचं?" मला आधी कळलंच नाही, मी मेन दार दाखवलं. ती म्हणाली, "तसं बाहेर नाही रे."

मिटिंगमध्ये मी उठून बाल्कनी हवी म्हणालो. एकटा पडलो. एकाने सांगितलं साहेब तुम्ही इमोशनल होताय. मी बसलो. मग मागच्या रांगेतून दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, ऐंशीच्या पुढे असतील, ७४ पासूनच्या मेंबर, त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं, "कपडे कुठे वाळवायचे?" शांतता. मशीनमध्ये ड्रायर असतो म्हणाले कुणीतरी. "आणि गोधड्या?" मग एकेक बाई बोलायला लागली, डाळीला ऊन दाखवायला कुठे जायचं, कुंड्या कुठे, ओलं पायपुसणं कुठे. अर्ध्या तासात आर्किटेक्टने चार फुटांची बाल्कनी मान्य केली, हॉल तेवढा कमी करून. माझी सगळी ड्रॉइंगं, लेयर, गोल, त्यातलं काहीही उपयोगी आलं नाही. गोधड्यांनी काम केलं.

जांभूळ मात्र वाचलं नाही. रीतसर परवानगी घेऊन तोडलं, बदल्यात झाडं लावायची अट आहे, लावतील कुठेतरी. आई सध्या पाचपाखाडीला भाड्याच्या घरात आहे, मांजराची चौकशी करत असते.

गेल्या महिन्यात सॅम्पल फ्लॅट तयार झाला म्हणून तिला घेऊन गेलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आता. सेल्सचा मुलगा अगदी अदबीने, आजी हे बघा, आजी ते बघा, खोलीतला वॉर्डरोब, किचनमधली चिमणी. ओटा नऊ फुटांचा. तिने ओट्यावरून हात फिरवला, काही बोलली नाही, थेट बाल्कनीकडे गेली, उंबऱ्याशी चपला काढल्या आणि खाली बसली. गुडघ्यांमुळे तिला बसायला वेळ लागतो, तो मुलगा खुर्ची आणायला धावला, मी हाताने थांबवलं. पाठ उंबऱ्याला लावली, पाय पसरले. तळवे काचेच्या कठड्यापर्यंत पोचेनात, वीतभर अंतर राहिलं.

"मोठी आहे," म्हणाली. मग थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता, "इथे टेबल लावायचं नाही."

तो मुलगा म्हणाला, "आजी, टेबल नाही, पण इथे वॉशिंग मशीनचा पॉइंट दिलाय बघा, नळ आणि प्लग दोन्ही."

"तो बंद करून टाक," आई म्हणाली.

पॉइंट रद्द करायचं पत्र मी त्याच दिवशी दिलंय. उत्तर अजून आलेलं नाही.